फवारणीच्या मोसमात फुलपाखरं जपायची कशी? बाग आणि बांध राखणाऱ्यांसाठी

बागेत झेंडू, एक्झोरा, तगर भरभरून फुललेत, फुलपाखरंही येतात, पण चार दिवसांत नाहीशी होतात आणि पुढची पिढी काही दिसत नाही. असं होत असेल तर फुलं सोडून पानांकडे बघा. बहुतेक जातींचं उडतं आयुष्य दोन-तीन आठवड्यांचं असतं. त्याआधी अंडं आणि अळी या दोन्ही अवस्था ठरावीक झाडांच्या पानांवर जातात, आणि कीटकनाशकाचा मोठा मार तिथेच बसतो. फुलं लावून आपण फुलपाखरांना जेवायला बोलावतो. त्यांचं घर मात्र पानावर असतं, आणि फवारणी होते ती त्या घरावर.

फुलपाखरं कमी होतायत ही नुसती भावना नाही. अमेरिकेतल्या ३५ मोजणी प्रकल्पांमधल्या सव्वा कोटीहून अधिक फुलपाखरांच्या नोंदी एकत्र करून मार्च २०२५ मध्ये निष्कर्ष मांडला गेला: २००० ते २०२० या काळात तिथल्या ५५४ जातींच्या फुलपाखरांची एकूण संख्या २२ टक्क्यांनी घटली. याला अधिवास जाणं, हवामान बदलणं अशी अनेक कारणं आहेत. पण त्याआधी, २०२४ मध्ये, अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेतल्या शेतीबहुल जिल्ह्यांचा अभ्यास झाला होता, त्यात जमीनवापर आणि हवामानापेक्षा कीटकनाशकं हेच घटीचं मोठं कारण निघालं. त्यातही बियाण्याला आधीच चोळून दिलेली निओनिकोटिनॉइड गटातली औषधं पुढे होती. आपल्याकडे बीटी कपाशीचं बियाणं याच गटातल्या इमिडाक्लोप्रिड किंवा थायामेथोक्झामची प्रक्रिया करून सर्रास येतं, म्हणून हा निष्कर्ष आपण दूरचा समजू नये.

खालच्या पायऱ्या गच्चीतल्या कुंड्यांपासून दोन-चार एकर शेतीपर्यंत कुणालाही लागू पडतील. क्रम मात्र मोडू नका. अळी कुठे आहे हे कळण्याआधी फवारणीचा कोणताही निर्णय घेतला, तर तो अंदाजाने घेतलेला असतो.

पायरी १. अळी कोणत्या झाडावर आहे ते शोधा

फुलपाखराची मादी वाटेल त्या झाडावर अंडी घालत नाही. पायांनी पानाची चव घेऊन ती झाड ओळखते. त्यामुळे आपल्या आवारात कोणती खाद्यवनस्पती आहे त्यावरून कोणतं फुलपाखरू तिथे वाढतं हे सांगता येतं. कढीपत्ता, लिंबू, संत्रं, बेल या झाडांवर लाइम आणि कॉमन मॉरमॉन. रुईवर प्लेन टायगर. कण्हेर, वड, उंबर यांवर कॉमन क्रो. बहावा आणि टाकळ्यावर कॉमन एमिग्रंट, एरंडावर कॉमन कॅस्टर, आंब्याच्या पानांवर कॉमन बॅरन. सोसायटीच्या कुंपणाला लावलेल्या उंच हिरव्या अशोकावर आणि सोनचाफ्यावर टेल्ड जे. ईश्वरीच्या वेलावर क्रिमझन रोझ. कुंडीच्या कडेला उगवणारी आंबुशी आपण तण म्हणून उपटतो, पण पेल ग्रास ब्लू हे नखाएवढं निळं फुलपाखरू तिच्यावरच वाढतं. आणि २०१५ साली महाराष्ट्राने राज्य फुलपाखराचा मान दिलेला ब्लू मॉरमॉन माकडलिंबू आणि त्याच्या लिंबूवर्गीय भावंडांवर.

आता कढीपत्त्याच्या रोपाजवळ सकाळच्या उजेडात दहा मिनिटं बसा. शेंड्याकडची कोवळी, पोपटी पानं एकेक करून उलटी करा. मोहरीपेक्षा लहान, गोल, फिकट पिवळं अंडं एकेकटं चिकटवलेलं दिसेल. साधारण तीन-चार दिवसांत त्यातून अळी निघते. सुरुवातीला ती तपकिरी, मधे पांढरट पट्टा असलेली, ओलसर चमकदार असते. अगदी पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखी, आणि म्हणूनच ती पुसून टाकली जाते. शेवटची कात टाकली की ती एकदम हिरवीगार होते, मानेजवळ डोळ्यांसारखी खूण येते. हलकेच काडी लावली तर डोक्यामागून दुशाखी, नारिंगी-लाल अवयव बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. एवढं पाहिलंत की ही अळी पुन्हा कधी चुकणार नाही. अंड्यापासून कोषापर्यंतचा तिचा प्रवास उष्ण हवेत अडीच-तीन आठवड्यांत होतो.

आवारातल्या अशा सर्व झाडांना रंगीत दोरा बांधा. शहरात माळी, गावात फवारणीला येणारा गडी, दोघांनाही एकच सूचना: दोरा असलेल्या झाडाला विचारल्याशिवाय काहीही मारायचं नाही. लांबलचक समजावण्यापेक्षा हा दोरा जास्त काम करतो.

रुई आणि कण्हेर हाताळल्यावर हात साबणाने धुवा. रुईचा चीक डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते आणि कण्हेरीचे सगळे भाग विषारी आहेत. घरात लहान मूल असेल तर या दोन्ही झाडांना कुंडीत जागा देऊ नका.

पायरी २. घरातल्या आणि गोठ्यातल्या बाटल्या बाहेर काढा, लेबलं वाचा

बाटलीवर मोठ्या अक्षरांत असतं ते कंपनीचं नाव. त्याखाली बारीक अक्षरात असतं ते तांत्रिक नाव, आपल्याला तेच हवं. वहीत तांत्रिक नाव आणि टक्केवारी उतरवा. दुकानदाराने सुट्ट्या पुडीत किंवा चिकटपट्टी लावलेल्या बाटलीत दिलेलं ‘टॉनिक’ असेल, त्यात काय आहे हे सांगता येत नसेल, तर ते खाद्यवनस्पतीच्या आसपास वापरूच नका.

इथे नवख्यांची सर्वांत मोठी फसगत होते ती रंगीत त्रिकोणामुळे. लाल, पिवळा, निळा, हिरवा हे रंग ते औषध माणसाला आणि इतर सस्तन प्राण्यांना किती विषारी आहे हे सांगतात, आणि तेही उंदरांवरच्या चाचण्यांतल्या मात्रेवरून. फुलपाखराबद्दल तो त्रिकोण काहीच सांगत नाही. क्लोरँट्रॅनिलिप्रोल १८.५ टक्के एससी (पाण्यात मिसळायचं दाट द्रव) हे हिरव्या त्रिकोणाचं औषध आहे. माणसाला तुलनेने खूप कमी धोकादायक, पण ते बनलंच आहे अळ्यांसाठी. अळीच्या स्नायूंमधला कॅल्शियमचा साठा ते बेताल मोकळा करतं, काही तासांत तिचं खाणं थांबतं आणि मग ती लुळी पडते. हरभऱ्यावरची घाटेअळी आणि लाइम फुलपाखराची अळी यांत ते फरक करत नाही.

बाकीच्यांचं थोडक्यात. क्लोरपायरीफॉससारखी ऑर्गॅनोफॉस्फेट आणि सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिनसारखी पायरेथ्रॉइड मज्जासंस्थेवर काम करतात. अळी, फुलपाखरू, मधमाशी, मावा खाणारा ढालकिडा (लेडीबर्ड), सगळ्यांवर. नोव्हाल्युरॉन, ल्युफेन्युरॉन कात टाकण्याच्या वेळी नवी त्वचा बनू देत नाहीत, त्यामुळे अळी फवारणीनंतर दोन-चार दिवस खाताना दिसते आणि मग अर्धवट कातीत अडकून मरते. लोकांना वाटतं औषधाने काही झालं नाही.

इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम, क्लोथियानिडिन या गटाकडे वेगळं लक्ष द्या. ही औषधं आंतरप्रवाही आहेत. मुळाशी ओतली की पान, फूल, मकरंद सगळीकडे पोचतात. धुतली जात नाहीत, कारण ती पानाच्या आत असतात. मातीत महिनोन्‌महिने टिकतात आणि लाकडी खोडाच्या झाडाझुडपांत तर फारच रेंगाळतात. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका प्रयोगात इमिडाक्लोप्रिड मातीतून दिलेल्या रोपांवर मोनार्क आणि पेंटेड लेडी या फुलपाखरांच्या अळ्या जगल्या नाहीत. तीच फुलं चाखलेल्या प्रौढ फुलपाखरांवर मात्र तसा परिणाम दिसला नाही. प्रौढ उडत राहिली, पुढची पिढी पानावरच संपली. पेंटेड लेडी महाराष्ट्रातही सापडते. युरोपीय संघाने २०१८ मध्ये या तिन्ही औषधांचा उघड्यावरचा वापर बंद केला.

पायरी ३. ‘जैविक’ हा शब्द वाचून निर्धास्त होऊ नका

मनापासून सेंद्रिय बाग करणाऱ्यांच्या हातूनही अळ्या मरतात, म्हणून ही पायरी वेगळी काढली आहे.

बीटी पावडर, म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिसचा कुर्स्टाकी हा प्रकार, पतंग-फुलपाखरांच्या गटातल्या अळ्या मारतो. पानासोबत पोटात गेला की अळीचं आतडं फुटतं. हाच जिवाणू, पण इस्रायलेन्सिस हा दुसरा प्रकार, साठलेल्या पाण्यातल्या डासांच्या अळ्यांसाठी असतो, त्याचा फुलपाखरांना त्रास नाही. पाकिटावर दोन्हींना ‘बीटी’ म्हणतात, तेव्हा पुढचा शब्द वाचूनच घ्या. बिव्हेरिया आणि मेटारायझियम या बुरश्या फुलपाखरांच्या अळ्यांनाही लागतात. दशपर्णी अर्क, निंबोळी अर्क आणि कडुनिंबाचं तेल अळीची भूक मारतात, वाढ रोखतात, आणि वासामुळे मादी त्या पानावर अंडी घालायचं टाळते. कडुनिंबाची जमेची बाजू एवढीच की उन्हात काही दिवसांतच त्याचा जोर ओसरतो. दोरा बांधलेल्या झाडाला तेही नको.

ट्रायकोकार्डचंही, म्हणजे किडींवर सोडायच्या परजीवी गांधीलमाशीच्या कार्डाचंही, तसंच. ट्रायकोग्रामा ही सूक्ष्म गांधीलमाशी पतंगांच्या अंड्यांत आपली अंडी घालते, आणि लाइम फुलपाखराची अंडीही तिला चालतात. उसात, कपाशीत ते कार्ड जरूर लावा, फक्त घराजवळच्या कढीपत्त्यापासून लांब.

याउलट विषाणूजन्य औषधं, उदाहरणार्थ घाटेअळीसाठीचं एचएएनपीव्ही, फक्त त्या एका किडीवर चालतात. तूर-हरभऱ्यात माझ्या मते फुलपाखरांच्या दृष्टीने यासारखा पर्याय नाही. ते संध्याकाळीच फवारावं, कारण उन्हातल्या अतिनील किरणांनी विषाणू निकामी होतो. आणि ताबडतोब परिणाम दिसत नाही म्हणून दुसऱ्या दिवशी रासायनिक औषध मारू नये. अळ्या मरायला काही दिवस लागतात.

पायरी ४. नर्सरीतून आणलेलं रोप लगेच बागेत ठेवू नका

कॅलिफोर्नियाच्या सेंट्रल व्हॅलीत शेतं, उद्यानं, अभयारण्यं आणि नर्सऱ्यांमधून रुईच्या कुळातल्या मिल्कवीडच्या पानांचे २२७ नमुने तपासले गेले. २०२० साली आलेल्या त्या अहवालात एकूण ६४ कीडनाशकं सापडली, आणि एकही पान स्वच्छ निघालं नाही. क्लोरँट्रॅनिलिप्रोल ९१ टक्के नमुन्यांत होतं. फुलपाखरांसाठी म्हणून मुद्दाम विकत आणलेलं रोपच त्यांचा सापळा होऊ शकतं, ते असं.

घेताना विचारा: मुळाशी दाणेदार औषध टाकलंय का, ‘किडीचं पाणी’ सोडलंय का. ‘हो’ किंवा ‘माहीत नाही’ उत्तर आलं तर ते रोप शोभेच्या कुंडीत ठेवा. खाद्यवनस्पती शक्यतो बियांपासून किंवा ओळखीच्या झाडाच्या मुनव्यांपासून घ्या. कढीपत्त्याला मुळांपासून फुटवे येतात, टाकळा आणि एरंड बियांपासून सहज येतात, रुई पडीक जागेतल्या बियांपासून येते. आणलंच असेल तर पिशवीतली बाहेरची सैल माती झटकून नव्या मातीत लावा, असलेली पानं छाटा आणि दोन-तीन महिने मच्छरदाणीच्या कापडाने झाकून वेगळं ठेवा. नवी पालवी आली की मगच उघडा. आंतरप्रवाही औषध असेल तर याने धोका कमी होतो, शून्य होत नाही. म्हणून पहिल्या अळ्यांवर रोज लक्ष ठेवा.

पायरी ५. कीड आली तर काय करायचं

कुंडीतल्या बागेत त्रास देणारे बहुतेक जीव रस शोषणारे असतात: मावा, पिठ्या ढेकूण, पांढरी माशी, खवले कीड. पान खाणाऱ्या अळ्यांसाठीचं औषध यांच्यावर मारण्यात काही अर्थ नसतो, तरीही दुकानातून तेच हातात येतं.

आधी अंडी-अळ्या असलेली पानं शोधा. अळी हाताने ओढू नका. तिचे मागचे पाय पानाला घट्ट धरलेले असतात आणि ओढताना फाटतात. ज्या पानावर किंवा डहाळीवर ती आहे ते कात्रीने कापून दुसऱ्या झाडाच्या पानाला टेकवून ठेवा, ती आपणहून चढते. निश्चल बसलेली, डोक्यामागचा भाग फुगलेला दिसत असेल तर ती कात टाकण्याच्या तयारीत आहे. तिला एक दिवस हलवू नका.

मग पाण्याचा जोरदार फवारा, पानाच्या खालच्या बाजूने, तीन-चार दिवस रोज सकाळी. माव्यासाठी बहुतेक वेळा एवढंच पुरतं. पिठ्या ढेकणाला कापसाच्या बोळ्याने पुसा, बोळा साबणाच्या पाण्यात बुडवून. तरी राहिलं तर एक लिटर पाण्यात ५ मिलिलिटर सौम्य द्रव साबण. आधी दोन पानांवर मारून दुसऱ्या दिवसापर्यंत थांबा. पान करपलं नाही तर संध्याकाळी पूर्ण रोपावर मारा, सकाळी साध्या पाण्याने धुवा. साबण फक्त अंगावर पडला तरच काम करतो, वाळल्यावर विष म्हणून मागे उरत नाही. त्यामुळे अळ्या दुसऱ्या दिवशी परत त्याच झाडावर ठेवता येतात. भर उन्हात मारला तर पानांच्या कडा करपतात, आणि प्रमाण वाढवलं तर हमखास करपतात.

मुंग्या बघा. माव्याचा चिकट गोड स्राव खाण्यासाठी मुंग्या त्याची राखण करतात आणि ढालकिड्याला हाकलतात. कुंडीचा तळ पाण्याच्या थाळीत ठेवला की मुंग्यांची वाट बंद होते. ते पाणी मात्र दर आठवड्याला बदला, नाहीतर डास होतील.

रुईवरचा पिवळा मावा पाहून बहुतेक जण घाबरतात. तो रुईला मारत नाही. आठवड्या-दोन आठवड्यांत ढालकिडे येतात आणि त्याला आवरतात. थांबा.

पिवळे चिकट सापळे गरजेपुरतेच लावा, आणि फुलांच्या उंचीवर नको. छोटी निळी आणि पिवळी फुलपाखरं त्यांना चिकटून मरतात.

पायरी ६. शेतात फवारणी करावीच लागणार असेल तर

शेतकऱ्याला फवारणी नको असं सांगण्याचा हा लेख नाही. घरचं वर्षभराचं उत्पन्न पणाला लागलेलं असतं. पण तारीख बघून, शेजाऱ्याने मारली म्हणून, किंवा ‘एक हात मारून ठेवू’ म्हणून केलेली फवारणी खिशालाही जड जाते आणि बांधालाही.

आर्थिक नुकसानीची पातळी, म्हणजे किडीचं नुकसान फवारणीच्या खर्चापेक्षा जास्त व्हायला लागतं तो टप्पा, मोजून ठरवा. कपाशीच्या गुलाबी बोंडअळीसाठी हेक्टरी ५ कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारे) लावावेत. सलग ३ रात्री प्रत्येक सापळ्यात ८ किंवा अधिक पतंग आले, किंवा १० टक्के फुलं-बोंडं किडलेली दिसली, तरच औषधाचा विचार. कामगंध सापळ्यात त्या एका जातीचे नर पतंगच येतात, फुलपाखरं येत नाहीत.

लिंबू-संत्र्यात लाइम फुलपाखराची अळी ही कीडच मानली जाते, आणि रोपवाटिकेत किंवा वर्ष-दोन वर्षांच्या कलमांवर ती खरंच नुकसान करते. तिथे सकाळी फिरून अळ्या हाताने, पानासकट, वेचाव्यात आणि बांधावरच्या मोठ्या बेलावर किंवा जुन्या लिंबावर सोडाव्यात. मोठ्या फळझाडाला थोड्या अळ्यांनी काही होत नाही, तिथे तिच्यासाठी वेगळी फवारणी करण्याचं कारण नाही.

फवारायचंच ठरलं तर वेळ संध्याकाळची. त्याने मधमाश्या आणि उडती फुलपाखरं वाचतात. अळी मात्र चोवीस तास पानावरच असते, तिला वेळेचा फायदा मिळत नाही. तिला वाचवतं ते अंतर. बांधालगत निदान ५-६ मीटरचा पट्टा न फवारता सोडा. इंग्लंडमध्ये १९८० च्या दशकात धान्याच्या शेतांच्या कडा अशा न फवारता ठेवल्या, तिथे फवारलेल्या कडांपेक्षा फुलपाखरं कितीतरी जास्त मिळाली होती. ज्यांचं शेतच अर्धा एकर आहे त्यांना ६ मीटर परवडत नाही. त्यांनी निदान वारा ज्या बाजूला वाहतो ती एक बाजू सोडावी. पानं सळसळण्याइतपत वारा सुटला की थांबावं. पंपाचा दाब वाढवला तर थेंब बारीक होऊन लांब वाहतात, म्हणून दाब गरजेपुरता आणि नोझल पिकाच्या जवळ. दोन-तीन औषधं एकाच टाकीत मिसळू नका. लेबलवर सांगितलेलं नसेल तर त्या मिश्रणाचा पिकावर, माणसावर आणि किड्यांवर काय परिणाम होईल याची हमी कुणीच घेत नाही.

आणि स्वतःला सांभाळा. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. हातमोजे, तोंडाला योग्य मास्क, पूर्ण बाह्यांचे कपडे, गॉगल, आणि पीक छातीच्या वर गेलं असेल तर ओळीत उलटं चालत फवारणी. उपाशीपोटी नाही. बाटली जपून ठेवा, कारण दवाखान्यात डॉक्टरांना तिच्यावरचं तांत्रिक नाव आणि उतारा बघावा लागतो.

बांधावरचं गवत, टाकळा, रुई, घोळ तणनाशकाने जाळू नका. तणनाशक अळीला थेट मारत नसेलही, तिचं ताट मात्र काढून घेतं. वाढलंच तर निम्मा बांध आता कापा, निम्मा महिन्याने.

पायरी ७. शहरात धूरफवारणी

डासांसाठी गल्लीत धूर येतो त्यात मॅलेथिऑन किंवा पायरेथ्रम असतं. तो बहुधा तिन्हीसांजेला येतो, त्या वेळी फुलपाखरं पानांखाली विसावलेली असतात. गाडी येणार असेल तर छोट्या कुंड्या घरात घ्या, मोठ्यांवर जुनी चादर टाका, धूर विरल्यावर काढा आणि दुसऱ्या सकाळी पानं पाण्याने धुवा. सोसायटीच्या बैठकीत मुद्दा मांडताना फुलपाखरांपेक्षा डासांबद्दल बोला: डेंग्यूचा डास अंड्यापासून उडण्यापर्यंत साधारण आठवडा-दहा दिवस घेतो, म्हणून आठवड्यातून एकदा सगळी भांडी, कुंड्यांच्या थाळ्या, फ्रिजमागचे ट्रे रिकामे करून कोरडे केले तर नवा डास तयारच होत नाही. धुराने फक्त त्या वेळी उडणारे डास मरतात. हौदात गप्पी मासे सोडा. हे पटलं की धुराची मागणी आपोआप कमी होते.

पायरी ८. मेलेली अळी वाचायला शिका

प्रत्येक मेलेल्या अळीला औषधच कारण नसतं. अळी मागच्या पायांवर उलटी लोंबकळतेय, काळी पडून आतून पाणी झालीय, तर तो विषाणूचा आजार. ते पान काढून टाका, कात्री धुवा. अंगावर किंवा शेजारी तांदळाच्या कण्यांसारखे पांढरे कोष असतील तर परजीवी गांधीलमाशी. कोषाला गोल भोक पडून त्यातून फुलपाखराऐवजी माशी निघाली, तर तेही निसर्गातलंच. बहुतेक अळ्या अशाच जातात, हे स्वीकारावं लागतं.

विषबाधेत चित्र वेगळं. एकाच दिवशी, एकाच झाडावरच्या लहान-मोठ्या सगळ्या अळ्या जातात. काही खाली पडून वळवळतात, तोंडातून हिरवं पाणी येतं, अंग आखडतं. काही अर्धवट कातीत अडकतात. ढालकिडे, कोळी, मुंग्याही मेलेल्या सापडतात. असं दिसलं तर त्याच दिवशी आसपास कुणी काय मारलं ते विचारून घ्या. दोन दिवसांनी कुणाला आठवत नाही.

पायरी ९. वही

आपल्याकडे सलग मोजणी फार थोड्या ठिकाणी होते, म्हणून ही पायरी कंटाळवाणी वाटली तरी सोडू नका. २०० ते ३०० मीटरची एक ठरलेली वाट घ्या, तिचे बांध, पिकाची कड, झाडी असे तुकडे पाडा. आठवड्यातून एकदा, सकाळी ९ ते ११ च्या दरम्यान, पाऊस आणि जोराचा वारा नसताना, संथ चालीने जा. दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मीटर आणि पुढे ५ मीटर, एवढ्यात दिसलेली फुलपाखरंच मोजा. मागे वळून मोजू नका, तेच फुलपाखरू दोनदा मोजलं जातं. एर्नेस्ट पोलार्ड यांनी इंग्लंडमध्ये बसवलेली ही पद्धत तिथे १९७६ पासून देशभर चालू आहे. जात ओळखता आली नाही तर ‘पिवळं, छोटं’ असं लिहा आणि फोटो आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाका, ओळख पटवून देणारे भेटतात.

ही मोजणी वहीच्या पहिल्या पानावर. दुसऱ्या पानावर दर वेळी त्याच ठरावीक १० खाद्यवनस्पतींवरची अंडी आणि अळ्या. तिसऱ्यावर फवारणी: तारीख, तांत्रिक नाव, प्रमाण, कुठे, वारा कुठला. शेजारच्या शेतातलीही.

वही वाचताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. महाराष्ट्रात फुलपाखरं पावसाळ्याच्या शेवटापासून दिवाळीच्या आसपासपर्यंत भरपूर असतात आणि उन्हाळ्यात कमीच असतात. एप्रिलचा आकडा ऑक्टोबरशी ताडून औषधाला दोष देऊ नका. या ऑक्टोबरची तुलना पुढच्या ऑक्टोबरशी, फवारलेल्या तुकड्याची न फवारलेल्याशी. दुसरं, उडती फुलपाखरं बाहेरून येत राहतात, त्यामुळे फवारणीनंतरही पहिल्या पानावरचा आकडा बरा दिसू शकतो. खरी घट आधी दुसऱ्या पानावर दिसते: अंडी सापडतात, पण मोठ्या हिरव्या अळ्या सापडत नाहीत. असं सलग तीन-चार आठवडे झालं तर पायरी २ वर परत जा आणि मुळाशी काय घातलं गेलंय ते तपासा.